बर्फातून फुलणारे काळे फळ : 'टायटॅनिया' ब्लॅककरंट

वैशाखाच्या उन्हात सह्याद्रीचे डोंगरउतार तापू लागले की करवंदांच्या जाळ्या काळ्याभोर फळांनी लगडून जातात. पानांच्या द्रोणात करवंदे मांडून घाटरस्त्याच्या कडेला बसलेल्या स्त्रिया आणि मुले हे दृश्य महाराष्ट्रातील प्रवाशांच्या चांगल्याच परिचयाचे आहे. या करवंदाला इंग्रजीत 'बेंगॉल करंट' असेही एक नाव आहे. आपल्या काटेरी जाळीतील हे फळ ज्या 'करंट' फळाच्या नावाने ओळखले गेले, ते मूळ फळ मात्र सह्याद्रीपासून हजारो मैल दूर, वर्षातील कित्येक महिने बर्फाखाली असणाऱ्या प्रदेशात पिकते. त्याचे नाव ब्लॅककरंट.

अलीकडच्या काळात हे नाव महाराष्ट्रातील शहरांतच नव्हे, तर तालुक्याच्या गावीही ऐकू येऊ लागले आहे. आइस्क्रीमच्या दुकानात, सरबताच्या बाटलीवर, जॅमच्या बरणीवर ते आढळते. साहजिकच काही जिज्ञासू शेतकऱ्यांच्या मनात प्रश्न येतो, की ज्या फळाला एवढी मागणी आहे, त्याची लागवड आपल्याकडे का होऊ नये? सफरचंदाची काही झाडे महाराष्ट्रात फळे देऊ लागली, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी नावारूपास आली. मग ब्लॅककरंटनेच काय घोडे मारले आहे?

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी या झुडपाचा स्वभाव समजून घेणे अगत्याचे आहे. म्हणूनच प्रस्तुत लेखात थंडी सोसण्याच्या गुणासाठी नावाजलेल्या 'टायटॅनिया' या जातीची माहिती देण्याचे योजिले आहे.

नावाचा घोटाळा

सर्वप्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्या बाजारात सुक्या मेव्याच्या पाकिटांवर 'ब्लॅक करंट' अशी अक्षरे पुष्कळदा दिसतात. पाकीट उघडले की आत असते ती काळी मनुका, म्हणजेच वाळवलेले काळे द्राक्ष. ब्लॅककरंटशी तिचा वनस्पतिशास्त्रीय संबंध काहीही नाही.

हा घोटाळा आजचा नाही. त्याला काही शतकांचा इतिहास आहे. ग्रीस देशातील कॉरिंथ या प्राचीन नगरावरून तेथील बारीक, बिनबियांच्या वाळवलेल्या द्राक्षांना युरोपात 'कॉरिंथची मनुका' म्हणत. या 'कॉरिंथ'चा अपभ्रंश होऊन 'करंट' हा शब्द तयार झाला. पुढे उत्तर युरोपातील एका झुडपाला लागणारी लहान, गोल, घोसांतील फळे या मनुकांसारखी दिसतात म्हणून लोक त्यांनाही करंट म्हणू लागले. लाल फळांचे ते रेडकरंट आणि काळ्या फळांचे ते ब्लॅककरंट. अशा रीतीने द्राक्षाचे नाव दुसऱ्याच फळाला चिकटले आणि आज आपल्या बाजारात ते पुन्हा द्राक्षाकडे परत आले आहे! तासगाव, सांगली किंवा नाशिक भागातील मनुका व बेदाणा उत्तम खाद्य आहे यात शंका नाही. परंतु तो ब्लॅककरंट नव्हे, हे ग्राहकाने ध्यानी ठेवावे.

झुडपाची ओळख

ब्लॅककरंटचे शास्त्रीय नाव 'रायबीस नायग्रम' असे आहे. उत्तर युरोप आणि उत्तर आशियातील ओलसर वनभूमी हे त्याचे मूळस्थान. हे झुडूप साधारणपणे दीड ते दोन मीटर उंच वाढते. त्याला काटे नसतात. पाने तीन ते पाच खंडांची असून पानांच्या खालच्या बाजूस सूक्ष्म तैलग्रंथी असतात. त्यामुळे पान चुरगाळले की एक विशिष्ट उग्र वास येतो. झुडूप पानांवरून ओळखण्याची ही सोपी खूण होय.

वसंत ऋतूत फांद्यांवर लोंबते मंजिरीसारखे घोस येतात. त्यांवरील फुले लहान, हिरवट तांबूस रंगाची आणि नजरेत न भरणारी असतात. फळ पिकल्यावर जवळजवळ काळे, चकचकीत दिसते. त्याचा व्यास सुमारे एक सेंटिमीटर आणि वजन एक ग्रॅमच्या आसपास असते. चव आंबटगोड, किंचित तुरट आणि गंध तीव्र असतो. ताजी फळे मूठभर खाणारे थोडे. जॅम, जेली, सरबत आणि पाक यांसाठीच त्यांचा मुख्यतः उपयोग होतो. फ्रान्समधील दिजाँ शहराच्या परिसरात या फळापासून मद्यही तयार केले जाते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या फळाला इंग्लंडमध्ये विशेष महत्त्व प्राप्त झाले. जर्मन पाणबुड्यांच्या हल्ल्यांमुळे संत्र्यांची आयात जवळजवळ थांबली आणि मुलांना क जीवनसत्त्व कोठून द्यावयाचे, असा पेच निर्माण झाला. तेव्हा स्वदेशातच पिकणाऱ्या ब्लॅककरंटकडे लक्ष गेले. त्याची लागवड वाढविण्यास उत्तेजन देण्यात आले आणि १९४२ पासून लहान मुलांना त्याचा पाक वाटला गेला. एका पिढीच्या आरोग्याचा भार एका साध्या झुडपाने उचलला, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये.

थंडी सोसणे म्हणजे काय?

एखादी जात थंडीला काटक आहे, असे आपण म्हणतो तेव्हा त्यात प्रत्यक्षात तीन वेगवेगळ्या गोष्टी अभिप्रेत असतात. या तिन्ही गोष्टी ध्यानात न घेतल्यास फसगत होण्याचा संभव असतो.

पहिली गोष्ट म्हणजे ऐन हिवाळ्यातील कडाका सोसण्याची शक्ती. शरद ऋतूत दिवस लहान होऊ लागले आणि हवा गार झाली की हे झुडूप वाढ थांबवते. पाने गळून पडतात. फांद्यांच्या पेशींमध्ये शर्करेचे व विशिष्ट प्रथिनांचे प्रमाण वाढते. पेशींतील काही पाणी बाहेर पेशींमधील पोकळ्यांत येते व तेथे गोठते. बर्फ पेशीच्या आत तयार झाला तर पेशी फाटते व मरते. तो बाहेर तयार झाला तर पेशी आक्रसते, पण जगते. काटक जातींना ही किमया उत्तम साधलेली असते. पूर्ण सुप्तावस्थेत असलेली अशी झुडपे शून्याखाली ३५ ते ४० अंश सेल्सिअसपर्यंतची थंडीही निभावून नेतात.

दुसरी गोष्ट म्हणजे अवेळी आलेल्या उबेला न भुलण्याचा गुण. माघात चार दिवस ऊन पडले म्हणून झाड जागे झाले आणि पाठोपाठ पुन्हा हिमवृष्टी झाली, तर कोवळे डोळे जळून जातात. म्हणून निसर्गाने या झुडपाला एक प्रकारचा हिशेब ठेवण्याची शक्ती दिली आहे. साधारणतः शून्य ते सात अंश तापमानाचे ठरावीक तास पुरे झाल्याशिवाय त्याचे डोळे नीट फुटतच नाहीत. यालाच थंडीच्या तासांची गरज असे म्हणतात. ब्लॅककरंटच्या बाबतीत ही गरज जातीनुसार सुमारे ८०० तासांपासून १,५०० तासांहून अधिक असते.

तिसरी गोष्ट म्हणजे फुलोऱ्याच्या वेळची थंडी. जे झुडूप शून्याखाली ३५ अंशांना दाद देत नाही, त्याचेच उमललेले फूल शून्याखाली सुमारे दोन अंशांत करपून जाते! हिवाळ्यात पोलादासारखे असणारे झाड वसंतात मेणासारखे मऊ होते. म्हणूनच थोडी उशिरा फुलणारी जात शेतकऱ्याला अधिक सुरक्षित वाटते. जेथे वसंतात रात्रीचे तापमान शून्याखाली जाण्याचे भय असते, तेथे काही बागाईतदार रात्रभर तुषार सिंचन चालू ठेवतात. पाण्याचा बर्फ होताना जी उष्णता बाहेर पडते, ती फुलांचे तापमान शून्याच्या आसपास टिकवून धरते. बर्फानेच बर्फापासून रक्षण करण्याचा हा उपाय ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटला, तरी तो पदार्थविज्ञानाच्या भक्कम पायावर उभा आहे.

तीन थंड देशांचा वारसा

'टायटॅनिया' ही जात स्वीडनमध्ये तयार झाली आणि १९८० च्या दशकात शेतकऱ्यांच्या हाती आली. तिची वंशावळ पाहिली म्हणजे पैदासकारांची दूरदृष्टी ध्यानी येते. तिच्या पूर्वजांत 'अल्ताइस्काया देसेर्तनाया' ही सैबेरियाच्या अल्ताई प्रदेशातील जात आहे. 'कायानिन मुस्ता' ही फिनलंडमधील कायानी गावचे नाव धारण करणारी जात आहे. आणि 'कॉन्सॉर्ट' ही कॅनडातील जात आहे. म्हणजे सैबेरिया, फिनलंड आणि कॅनडा या तीन कडक हिवाळ्याच्या प्रदेशांचा वारसा या एका झुडपात एकवटला आहे.

यांपैकी 'कॉन्सॉर्ट'ची कथा विशेष उद्बोधक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातून आणलेल्या पाइनच्या रोपांबरोबर उत्तर अमेरिकेत एक बुरशीजन्य रोग शिरला. पांढऱ्या पाइनवरील तांबेरा या नावाने तो ओळखला जातो. गव्हावरील तांबेरा आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहेच. हा तांबेरा मात्र दोन घरांत संसार करणारा आहे. त्याच्या आयुष्याचा एक भाग पाच सुयांच्या पाइन वृक्षावर आणि दुसरा रायबीस वंशातील झुडपांवर पार पडतो. ब्लॅककरंट हे त्याचे आवडते घर. ब्लॅककरंटचे झुडूप त्यामुळे सहसा मरत नाही, परंतु पाइन मरतो. आणि पाइनवर तर तेथील लाकूड उद्योग अवलंबून होता.

परिणामी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ब्लॅककरंटच्या लागवडीवर निर्बंध आले. जंगलांतील रायबीसची झुडपे उपटून टाकण्याच्या मोठ्या मोहिमा निघाल्या. केंद्रीय बंदी १९६६ मध्ये उठली व निर्णय राज्यांवर सोपविण्यात आला. न्यूयॉर्क राज्याने तर ही बंदी २००३ मध्ये उठविली. यामुळे अमेरिकेतील कित्येक पिढ्यांना या फळाची चवही माहीत नव्हती.

कॅनडातील ओटावा येथील संशोधकांनी या संकटावर वेगळा उपाय शोधला. रशियाच्या अतिपूर्वेकडील उसुरी नदीच्या प्रदेशात वाढणाऱ्या 'रायबीस उसुरिएन्सी' या रानटी झुडपात तांबेऱ्याला थारा न देणारे एक जनुक असल्याचे त्यांना आढळले. लागवडीतील जातीशी त्याचा संकर करून त्यांनी 'कॉन्सॉर्ट', 'कॉरोनेट' आणि 'क्रूसेडर' या जाती निर्माण केल्या. रोगाशी झुंज घेण्याची शक्ती त्यांच्यात होती. पण फळाची चव व उत्पन्न बेताचेच होते आणि भुरी रोगापुढे 'कॉन्सॉर्ट'चा निभाव लागत नसे. जे उणे राहिले, ते पुढच्या पिढीत भरून काढण्याचा प्रयत्न म्हणजेच 'टायटॅनिया'.

'टायटॅनिया'ची गुणवैशिष्ट्ये

ही जात जोमदार वाढीची आहे. झुडूप उंच व भरदार होते. साहजिकच दोन झुडपांत पुरेसे अंतर ठेवावे लागते. फळे आकाराने मोठी असून हंगामाच्या मध्यास पिकू लागतात. पिकलेली फळे काही काळ घोसावर टिकून राहतात, ही तोडणीच्या दृष्टीने मोठीच सोय होय.

थंडीस काटकपणा, तांबेऱ्यास प्रतिकार आणि भुरीस प्रतिकार हे तिचे तीन प्रमुख गुण. हे तिन्ही गुण एका जातीत एकत्र येणे सोपे नव्हते. त्यामुळेच ती स्कँडिनेव्हियापुरती मर्यादित न राहता पोलंड, बाल्टिक देश आणि उत्तर अमेरिका येथेही पोहोचली. ब्लॅककरंटच्या उत्पादनात अग्रेसर असलेल्या पोलंडमध्ये तिच्यापासून पुढील संकरही झाले. 'टिबेन' आणि 'टिसेल' या पोलिश जातींच्या वंशावळीत 'टायटॅनिया'चा वाटा आहे.

दोषरहित मात्र कोणतीच जात नसते. 'टायटॅनिया'ची फळे सर्वत्र एकाच वेळी पिकतात असे नाही. यंत्राने एकदाच तोडणी करणाऱ्यास ते गैरसोयीचे ठरते. शिवाय रोगप्रतिकाराचा गुण हा काही अक्षय ठेवा नव्हे. २०१० च्या सुमारास अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात तांबेऱ्याचा असा प्रकार आढळून आला, की त्याने 'कॉन्सॉर्ट'कडून आलेल्या प्रतिकारक जनुकालाच दाद दिली नाही. एकाच जनुकावर उभारलेला तट शत्रूने हेरून ठेवला की तो केव्हातरी ढासळतो, हा धडा या घटनेने पुन्हा शिकविला. आपल्या शेतकऱ्यांनाही तो नवा नाही.

स्कॉटलंडमधील संशोधकांनी निराळी वाट धरली. डंडी शहराजवळील इन्व्हरगौरी येथील संस्थेतून, जी २०११ पासून जेम्स हटन इन्स्टिट्यूट या संस्थेचा भाग आहे, १९७५ मध्ये 'बेन लोमंड' ही जात प्रसृत झाली. 'बेन' म्हणजे स्कॉटिश भाषेत पर्वत. या मालिकेतील जातींना तेथील शिखरांची नावे दिली आहेत. 'बेन लोमंड' उशिरा फुलते, त्यामुळे वसंतातील कडाक्यातून तिची फुले बऱ्याच अंशी वाचतात. तिच्याही पूर्वजांत 'कॉन्सॉर्ट' आहेच. म्हणजे 'टायटॅनिया'ने हिवाळ्याशी समोरासमोर सामना करण्याचा मार्ग पत्करला, तर 'बेन लोमंड'ने त्याला हुलकावणी देण्याचा!

लागवड आणि छाटणी

ब्लॅककरंटची अभिवृद्धी अगदी सोपी आहे. शरद ऋतूत पानगळ झाल्यावर एक वर्ष वयाच्या निरोगी फांदीचे सुमारे २० ते २५ सेंटिमीटर लांबीचे छाट घेऊन जमिनीत लावले की त्यांना मुळे फुटतात. रोप कायम जागी लावताना ते वाफ्यात होते त्यापेक्षा सुमारे पाच सेंटिमीटर अधिक खोल लावतात. उद्देश हा, की जमिनीखालील डोळ्यांतूनही नवे फुटवे यावेत आणि झुडूप तळापासून भरून यावे. जमीन ओलावा धरणारी, पण पाण्याचा निचरा होणारी, किंचित आम्ल आणि भरपूर शेणखत दिलेली असावी लागते. मुळे फारशी खोल जात नसल्यामुळे आच्छादनाचा चांगला उपयोग होतो.

छाटणीचे तत्त्व लक्षात घेण्याजोगे आहे. या झुडपाला उत्तम फळे येतात ती आदल्या वर्षी वाढलेल्या फांद्यांवर. म्हणून दर हिवाळ्यात जुन्या, काळपट पडलेल्या फांद्यांपैकी सुमारे एक तृतीयांश फांद्या अगदी तळापासून कापून काढतात. जुने गेल्याशिवाय नव्याला वाव मिळत नाही, हा द्राक्षबागेतील अनुभव येथेही लागू पडतो. योग्य निगा राखल्यास बाग १० ते १५ वर्षे उत्पन्न देते.

या झुडपाचा सर्वांत मोठा वैरी म्हणजे एक अतिसूक्ष्म कोळी. तो डोळ्यांत शिरून वस्ती करतो. त्यामुळे हिवाळ्यात डोळे फुगून गोल दिसू लागतात. एवढ्यावरच भागत नाही. हा कोळी आपल्याबरोबर एक विषाणूही आणतो. त्याची लागण झालेले झुडूप हिरवेगार दिसते, पण त्याला फळे धरत नाहीत. यावर औषध नाही. झुडूप उपटून जाळणे हाच उपाय. म्हणूनच खात्रीलायक रोपवाटिकेतील निरोगी रोपे घेण्यावर युरोपातील शेती खाती विशेष भर देतात.

पोषणमूल्य : तुलना उपयुक्त

शंभर ग्रॅम ताज्या ब्लॅककरंटमध्ये सुमारे १८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. संत्र्यातील प्रमाण ५० मिलिग्रॅमच्या आसपास असते, हे पाहता ब्लॅककरंटची महती पटते. फळाच्या गडद रंगास कारणीभूत असणारी अँथोसायनिन द्रव्येही त्यात विपुल असतात. जांभूळ आणि करवंद यांचा काळा-जांभळा रंगही याच वर्गातील द्रव्यांमुळे येतो.

परंतु ही तुलना येथेच थांबविणे योग्य होणार नाही. आपल्या अंगणातील पेरूमध्ये दर शंभर ग्रॅमला दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असते आणि आवळ्यात त्याहूनही अधिक. ज्या गरजेपोटी इंग्लंडने ब्लॅककरंटला जवळ केले, ती गरज भागविणारी फळे आपल्या गावच्या आठवड्याच्या बाजारात थोड्या पैशांत मिळतात. आइस्क्रीममधील ब्लॅककरंट तर बहुधा पाक व स्वादद्रव्य यांच्याच रूपाने येतो. त्यात मूळ फळ किती आहे, हे वेष्टनावरील घटकांची यादी वाचूनच ठरवावे.

महाराष्ट्रात लागवड का नाही?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. महाराष्ट्रात ब्लॅककरंटचे रोप लावले तर ते ताबडतोब मरेल असे नाही. कदाचित काही काळ पालवेलही. परंतु फळांचा विचार केला तर हिशेब जुळत नाही.

निफाड परिसरात काही हिवाळ्यांत पहाटेचे तापमान पाच अंशांच्याही खाली उतरते, हे खरे. पण ते उतरते पहाटेच्या काही तासांपुरते. दुपारी पुन्हा ऊन तापते. समजा, हिवाळ्यातील ३० रात्री अशा आहेत, की त्यांत प्रत्येकी पाच तास तापमान सात अंशांखाली राहिले. ही कल्पना उदारच म्हणावी लागेल. तरीही एकूण थंडीचे तास होतात १५०. ज्या झुडपाला किमान ८०० ते १,००० तास हवेत, त्याच्या दृष्टीने हा हिवाळा नव्हेच. त्यातही दुपारची ऊब रात्री मिळालेल्या थंडीचा काही परिणाम पुसून टाकते. थंडी अपुरी पडली म्हणजे डोळे उशिरा व अनियमित फुटतात, फुले थोडी येतात, फळे एकसारखी पिकत नाहीत आणि झुडूप हळूहळू खंगत जाते. पुढे उन्हाळ्यातील ४० अंशांची झळ तर आहेच.

विदर्भातील संत्रा बागाईतदारांना या गोष्टीचे मर्म लवकर उमगेल. मृगबहारासाठी ते बागेचे पाणी तोडून झाडाला ताण देतात. आंबेबहारासाठी हिवाळ्यातील थंडीच तो ताण देते. ताण पुरेसा बसला नाही तर बहार फुटत नाही. ब्लॅककरंटलाही थंडीचा असाच ताण लागतो. फक्त तो इतका दीर्घ असतो, की आपल्या हवामानात तो देता येणे शक्य नाही.

मग सफरचंद आणि स्ट्रॉबेरी कशी येते? सफरचंदाच्या ज्या जाती, उदाहरणार्थ हिमाचल प्रदेशातील 'एचआरएमएन-९९', उष्ण प्रदेशात लावल्या जातात, त्यांची थंडीची गरज मुळातच फार कमी आहे. त्या निवडूनच घेतलेल्या आहेत. स्ट्रॉबेरीची गोष्ट आणखी निराळी. महाबळेश्वर भागात तिची मातृरोपे परदेशातून आणून त्यांपासून नवी रोपे तयार करतात आणि दरवर्षी पावसाळ्याच्या अखेरीस नवी लागवड करतात. एकाच झुडपाने वर्षानुवर्षे तेथे हिवाळे काढावेत, अशी अपेक्षाच नसते. ब्लॅककरंट हे मात्र अनेक वर्षे एकाच जागी राहणारे काष्ठमय झुडूप आहे. त्याला हिवाळा उसना आणून देता येत नाही.

भारतात त्याच्या गोत्रातील वनस्पती शोधावयाच्या तर हिमालयात गेले पाहिजे. तेथे रायबीस वंशाच्या काही रानटी जाती आढळतात. लडाख आणि लाहौलच्या कोरड्या खोऱ्यांत वाढणारी 'रायबीस ओरिएंटाले' ही त्यांपैकी एक. ब्लॅककरंटला मानवणारा दीर्घ हिवाळा आपल्या देशात असलाच, तर तो त्या उंचीवर.

हिवाळाच बदलतो तेव्हा

या कथेला अलीकडे एक नवे वळण मिळाले आहे. आजवर पैदासकारांची चिंता होती ती कडाक्याची थंडी. आता दक्षिण इंग्लंडसारख्या भागांतील बागाईतदारांना चिंता वाटते ती सौम्य हिवाळ्यांची. हवामान उबदार होत चालल्याने तेथेही काही वर्षी थंडीचे तास पुरेसे मिळत नाहीत आणि डोळे एकसारखे फुटत नाहीत. त्यामुळे स्कॉटलंडमधील संशोधक कमी थंडीत समाधान मानणाऱ्या जातींचा शोध घेत आहेत. ज्या झुडपाला बर्फाशी झुंजण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या घडविले, त्यालाच आता बर्फावाचून जगण्यास शिकवावे लागत आहे. काळाचा महिमा म्हणतात तो हाच!

यातून आपण घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. एखादे फळझाड लावण्यापूर्वी बाजारभाव विचारला जातो, रोपाची किंमत विचारली जाते. पण त्या झाडाला किती थंडी लागते, किती ऊन सोसते, ते कोणत्या देशच्या हिवाळ्यात वाढले, हे प्रश्न मागे राहतात. रोपे विकणाऱ्याच्या रंगीत चित्रात हिवाळ्याचे तास दिसत नसतात. म्हणून अनोळखी फळझाडासाठी पैसा गुंतविण्यापूर्वी शेतकऱ्यांनी आपल्या विभागातील कृषी विद्यापीठाचा अथवा तालुका कृषी अधिकाऱ्यांचा सल्ला अवश्य घ्यावा. एक हंगाम वाया गेला तर तो पुढे भरून निघतो; फळबागेत मात्र तीन-चार वर्षे गेल्यावर चूक उघडकीस येते आणि तोवर जमीन, पाणी व कष्ट यांची मोठी किंमत मोजून झालेली असते.

'टायटॅनिया' ही मानवी बुद्धीची आणि चिकाटीची एक उत्तम निर्मिती आहे. तिचे कौतुक जरूर करावे. परंतु तिचे मोठेपण नेमके यात आहे, की तिच्या निर्मात्यांनी आपल्या मातीला व हवेला साजेशी रानटी झुडपे हुडकली, त्यांच्यातील गुण हेरले आणि ते पिढ्यान्‌पिढ्या जोपासले. आपल्याकडे करवंद आहे, जांभूळ आहे, कोकम आहे, आवळा आहे. आपल्या उन्हाला आणि पावसाला ती केव्हाच सरावलेली आहेत. उसुरीच्या काठी रानात वाढलेले एक झुडूप ज्या डोळस नजरेने पारखले गेले, त्याच नजरेने सह्याद्रीतील करवंदाच्या जाळीकडे पाहिले, तर ब्लॅककरंटची ही ओळख सार्थकी लागली असे म्हणता येईल.